ऑबर्नच्या बागेतली झोप

ऑगस्ट लागला की सिडनीत दोन गोष्टी बरोबरच सुरू होतात. पश्चिमेकडून कोरडा, टोचरा वारा सुटतो आणि आमच्या मराठी ग्रुपवर ऑबर्नच्या जपानी बागेचे फोटो यायला लागतात. तळ्यावरचा लाल पूल, गुलाबी झालेली चेरीची झाडं, आणि त्या झाडांखाली गॉगल लावून नऊवारीत उभी असलेली कुणाची तरी मावशी. दर वर्षी तेच झाड, तीच पोज. फक्त मावशी बदलते.

परवा प्राचीने विचारलं, "यंदा जायचं का गं? शनिवारी डबे घेऊन जाऊ." प्राची माझ्याबरोबर काम करते आणि माझ्यापेक्षा तिला उत्साह दुप्पट आहे. मी "बघू" म्हटलं. मराठीत 'नाही' म्हणायचा सगळ्यात सभ्य मार्ग म्हणजे बघू. ती समजली. पण मी मात्र त्या दिवसापासून बागेतच आहे.

लोकांना त्या बागेतला बहर आठवतो. मला झोप आठवते. माझ्या नवऱ्याची.

मी रक्त काढते. म्हणजे ब्लॅकटाउनच्या एका पॅथॉलॉजी सेंटरमध्ये लोकांची सॅम्पल्स घेते. मूळची साताऱ्याची. पुण्यात शिकले, मग इथे बायोटेकमध्ये मास्टर्स करायला आले. त्या डिग्रीचं पुढे काय झालं, हे आता माझी आईसुद्धा विचारत नाही. उजाडायच्या आधी सेंटर उघडावं लागतं, कारण फास्टिंगवाले उपाशीपोटी दारात उभे असतात. नवऱ्याच्या त्या झोपेच्या वर्षी श्रावण लागल्यावर आईने फोनवर विचारलं होतं, "सोमवार धरतेस ना गं?" मी म्हटलं, "आई, मी रोज सकाळी वीस उपाशी माणसांबरोबर असते. त्यातलं थोडं पुण्य मला मिळतच असेल."

आई हसली नाही. तिला माझा आवाज ऐकू आला होता, शब्द नव्हे.

त्या वर्षी समीर कालगुर्लीला होता. माझा नवरा मेकॅनिकल इंजिनियर. इथल्या ज्या वर्कशॉपमध्ये तो होता, ते बंद झालं. टूनगॅबीत आम्ही नुकतंच घर घेतलेलं, आमची मुलगी इरा चार वर्षांची. सिडनीत काही मिळेना, आणि देशाच्या दुसऱ्या टोकाला सोन्याच्या खाणीत मात्र माणसं हवी होती. दोन आठवडे तिथे राहून कन्व्हेयर आणि क्रशर चालू ठेवायचे, मग एक आठवडा घरी. आम्ही दोघांनी मिळूनच ठरवलं. वर्षभराचाच तर प्रश्न आहे, असं मीच म्हणाले होते.

आईने विचारलं, "कालगुर्ली म्हणजे किती लांब?"

"पुण्याहून सिंगापूर असेल तेवढं. आणि वर अजून एक छोटं विमान."

"अगं, मग तुम्ही एका देशात राहता असं कसं म्हणायचं?"

तिथून सुटी लागली की तो आधी पर्थला यायचा आणि तिथून रात्रभराच्या विमानाने सकाळी सिडनीत उतरायचा. मी त्या दिवशी लीव्ह घ्यायचे आणि इराला मागच्या सीटवर बांधून एअरपोर्टला जायचे. जुलैच्या शेवटी असाच एकदा तो आला. अंगाला विमानाचा वास, बुटांच्या शिलाईत लाल माती. ती लाल माती आमच्या वॉशिंग मशीनच्या रबरातून अजूनही पूर्ण गेलेली नाही. गाडीत बसल्यावर म्हणाला, "आत्ता घरी गेलो ना, तर मी पडदे ओढून झोपेन आणि संध्याकाळी उठेन. मग रात्रभर टक्क. कुठेतरी उन्हात बसू या."

ऑबर्न वाटेतच होतं. असे गेलो आम्ही त्या बागेत.

आमच्या जन्माच्याही आधीची आहे ती बाग. तेव्हा लावलेली झाडं आता चांगली म्हातारी झालीत. तळं आहे, तळ्यात जाडजूड कोई मासे, काठाने दगडी दिवे, वर छोटा धबधबा. एक पाइन पाण्यावर इतका ओणवा झालाय की त्याच्या फांदीखाली लाकडाचा टेकू दिलेला आहे. जपानी बागेत म्हणे प्रत्येक दगड मुद्दाम ठेवलेला असतो, आणि ठेवलेला वाटू नये म्हणूनही तितकीच मेहनत घेतलेली असते. या सगळ्या नेमस्तपणात मोर फिरतात. आपले मोर. पलीकडच्या प्राण्यांच्या भागातून येतात, आणि एखाद्या लग्नात आगंतुक नातेवाईक सगळ्या पंगतींतून फिरावा तसे फिरतात. जुलैत चेरीची झाडं नुसत्या काटक्या होती. ऊन मात्र पातळ, स्वच्छ, सायीसारखं पडलं होतं.

आम्ही तळ्यासमोरच्या एका बाकावर बसलो. मी थर्मासमधला चहा ओतला. समीरच्या हातात कप दिला, इराचं जॅकेट नीट केलं आणि वळून पाहते तो समीर झोपलेला. मान मागे टाकून, तोंड किंचित उघडं, कप तसाच मांडीवर धरलेला. मी तो हळूच काढून घेतला.

"बाबा इज स्लीपिंग," इराने मला बातमी दिली.

"हो. दमलाय तो."

"बट इट्स मॉर्निंग."

दीडदोन तास तो झोपला. आम्ही मासे बघून आलो, धबधबा बघून आलो, परत आलो. तो तसाच. जागा झाला तेव्हा ओशाळून हसला. "सॉरी यार, डोळा लागला." मी "नो वरीज" म्हटलं. नवऱ्याला परक्या माणसासारखं नो वरीज म्हणायची वेळ आली की काहीतरी बिनसलंय हे ओळखायला हवं होतं.

कारण मलाही त्या दिवशी काही बोलायचं होतं. मोठं काही नाही. इरा डेकेअरमधून तापच घेऊन येते, गिझर बंद पडला होता तेव्हा मी चार दिवस पातेल्यात पाणी तापवलं, सेंटरवर एका माणसाची शीर मला तीनदा टोचूनही सापडली नाही आणि मी आत जाऊन रडले. असलंच सगळं. फोनवर ते बोलता येत नाही. फोनवर आम्ही कामाचं बोलायचो. गाडीच्या रेगोचा रिन्यूअल आला का, तू जेवलास का, इरा झोपली का. बोलण्यासाठी माणूस समोर लागतो, आणि समोर आला तर तो झोपलेला.

साताऱ्याकडे आम्ही दमले म्हणतो आणि शिणले म्हणतो, आणि दोन्ही एक नाहीत. दमलेलं माणूस घोटभर पाणी पितं आणि उठतं. शिणलेल्या माणसाला उठून काय करायचं तेच आठवत नाही. त्या वर्षी मी शिणले होते. हा शब्द इंग्रजीत सांगता येत नाही म्हणून कामावर कुणाला सांगितलाही नाही. सुपरवायझर म्हणायची, "यू ओके, लव्ह?" मी म्हणायचे, "जस्ट टायर्ड."

तीन आठवड्यांनी समीर परत आला तेव्हा चेरी फुलली होती. ऐन ऑगस्ट. घरी न जाता थेट बागेत जायचं हे आता न बोलता ठरून गेलं होतं. मधल्या वारी असूनही गर्दी. आज्या, बाळं, किमोनो घातलेल्या मुली, तिपाया घेऊन आलेले फोटोवाले. फांद्यांवर पान एकही नाही, नुसती फुलं, आणि त्यात मधमाश्यांचा असा आवाज की झाडाखाली उभं राहिलं की डोक्यात कुणीतरी हलकी मोटार चालू ठेवलीय असं वाटावं. बहर इतका की बघून मला आनंद होण्याऐवजी दडपण आलं. एवढ्या सुंदर गोष्टीसमोर आपल्याला काहीतरी वाटलंच पाहिजे, अशी सक्ती असते. माझ्यात काही वाटण्याइतकं शिल्लकच नव्हतं.

मी त्या वेळी एक वाक्य तयार करून नेलं होतं. 'समीर, मला हे जमत नाहीये. तू तरी परत ये, नाहीतर मी इराला घेऊन साताऱ्याला जाते.' आठवडाभर मी ते गाडी चालवताना, भांडी लावताना, दुसऱ्यांच्या दंडाला पट्टा आवळताना मनात म्हणत होते. ते म्हणायला बाकावर बसले, पिशवीतून इराचा डबा काढला, आणि शेजारून ओळखीचा जड श्वास ऐकू आला.

या खेपेला मला राग आला. नुसता राग नाही, अपमान. बाजूला बायको बसलीय, समोर अख्खं झाड फुललंय, आणि हा माणूस डोळे उघडे ठेवत नाही. माझ्याशी बोलायला लागू नये म्हणून तर झोपत नसेल? खरं सांगते, तो विचार मनात आला तेव्हा मला त्यात काहीच विचित्र वाटलं नाही.

तेवढ्यात एका मोराने इराच्या डब्यातली पोळी पळवली. इरा किंचाळली, आजूबाजूचे लोक हसले, समीर हललाही नाही. शेजारच्या बाकावर एक वयस्क ऑस्ट्रेलियन बाई होत्या. त्यांनी इराला आपल्याकडचं बिस्किट दिलं आणि समीरकडे बघून लाडाने विचारलं, "इज दॅट युअर डॅड, डार्लिंग? ही मस्ट बी व्हेरी टायर्ड."

"येस," इरा बिस्किट खात म्हणाली, "दॅट्स माय बाबा. ही लिव्ह्ज अ‍ॅट दी एअरपोर्ट."

बाई हसल्या. मीही हसले, कारण लोकांत दुसरं काय करणार. पण तिच्या दृष्टीने ते खरंच होतं. बाबाला आपण एअरपोर्टवरून आणतो आणि काही दिवसांनी परत तिथे ठेवून येतो. एरवी तो तिथेच कुठेतरी असणार, बॅगांच्या पट्ट्याजवळ.

समीर उठला तेव्हा मी हे त्याला सांगितलं नाही. वाक्यही बोलले नाही. त्याने माझ्या केसांतली पाकळी काढली आणि म्हणाला, "मस्त बहर आहे ना?" मी म्हटलं, "तू बघितलास कधी?" एवढंच. पण ते त्याला लागलं असावं. तो आठवडा आम्ही एकमेकांशी फार नीट वागलो. नीट वागण्याइतकं दमवणारं काही नसतं.

सप्टेंबर लागता लागता तो पुन्हा आला. मधल्या काळात वाऱ्याने सगळी फुलं उतरवली होती. गर्दी गेलेली. तळ्याच्या कडेला पाकळ्यांचा तपकिरी झालेला साका, फांद्यांवर कोवळी, तांबूस पानं. सौंदर्याची सक्ती संपली होती आणि बाग मला पहिल्यांदाच बरी वाटली.

तो बाकावर बसला आणि त्याचे डोळे मिटायला लागले. मी त्याच्या खांद्याला हात लावला. हलवलंच म्हणा ना.

"झोपू नकोस. मला बोलायचंय."

"बोल ना. ऐकतोय."

"डोळे उघडून ऐक."

त्याने डोळे उघडले. लाल होते, कडेला पापुद्रा आल्यासारखे. माझ्या धंद्याने मला एक सवय लागलीय. माणसाच्या तोंडाआधी मी त्याचा हात बघते. समीरचा हात मांडीवर उताणा पडला होता. त्या हाताच्या शिरा मला पाठ होत्या, लग्नानंतर रक्त काढायची प्रॅक्टिस मी त्याच्यावरच केली होती. तो हात बारीक झाला होता. मनगटाचं हाड वर आलेलं. हे मला आत्तापर्यंत कसं दिसलं नाही?

त्यामुळे तयार केलेलं वाक्य मोडलं, आणि त्यातला अर्धाच भाग बाहेर आला. "समीर, मला हे जमत नाहीये."

इरा काठावर वाकून माशांना मराठी-इंग्रजीत काहीतरी दम देत होती.

"मलापण," तो म्हणाला.

मग त्याने सांगितलं. तिथे त्याला झोपच येत नाही. एक आठवडा दिवसाची शिफ्ट, एक आठवडा रात्रीची. खोलीला खिडकी आहे पण ती उघडत नाही, एसीचा आवाज, शेजारच्या खोलीचं दार. दोन तास पडतो, उठतो, फॅनकडे बघतो. "आणि मागच्या महिन्यात," तो थांबला. "सांगू का नको कळत नाहीये."

"सांग."

"सकाळी शिफ्ट संपवून कंपनीची यूट गाडी घेऊन टाउनकडे येत होतो. सरळ रस्ता, समोरून ऊन. मला पुढचं आठवतच नाही. एकदम टायरखाली खडी वाजायला लागली, तेव्हा डोळे उघडले. रस्ता सोडून पार उजवीकडे गेलो होतो. समोरून कोणी येत नव्हतं, एवढंच." त्याने तळहात पँटवर पुसले. "मी तिथेच गाडी थांबवून बसलो. नंतर ऑफिसला जाऊन नॉर्मल आहे असं दाखवलं."

"आणि मला सांगितलं नाहीस?"

"तुला कधी सांगणार? फोनवर? तू एअरपोर्टला यायचीस तेव्हा तुझा चेहरा बघितलायस? मला वाटायचं, हिच्यावर अजून एक गोष्ट टाकली तर ही खाली बसेल." मग अगदी हळू, "मला इथेच झोप येते गं. तू बाजूला असलीस की. इरा आणि पाण्याचा आवाज. म्हणून इथे यायचं म्हणतो. तुला वाटलं असेल मी बायकोकडे लक्ष देत नाही."

"वाटलं होतं," मी म्हटलं. उगाच खोटं कशाला.

मला रडू आलं नाही. त्याऐवजी मी त्याच्या जॅकेटची चेन वर ओढून गळ्यापर्यंत लावली, इराची लावते तशी. गेले सहा महिने मी त्याची वाट बघत होते, आणि मधल्या एका सकाळी मी कुणाचा तरी दंड पुसत असताना तो रस्त्याच्या उजव्या अंगाला पोचला होता आणि परत आला होता. मला कळलंही नव्हतं. मला त्याच्यावर भयंकर राग आला, आणि त्याच क्षणी मला त्याला तिथून हलूच द्यायचं नव्हतं.

"सोडू का?" त्याने विचारलं.

घर, हप्ते, डेकेअर, सगळं माझ्या डोळ्यांपुढे उभं राहिलं. एरवी मी 'बघू' म्हटलं असतं.

"सोड," मी म्हटलं. "गेलं घर तर गेलं."

घर गेलंच. हे लोकांना सांगताना आम्ही 'विकलं' म्हणतो. नोटिस पिरियडपुरता तो अजून एकदा जाऊन आला, त्या दोन आठवड्यांत मी त्याला शिफ्ट संपल्यावर फोन लावून ठेवायचे आणि तो खोलीवर पोचेपर्यंत काहीबाही बोलत राहायचे. मग चारपाच महिने त्याला काम नव्हतं. आम्ही गिरावीनला भाड्याच्या युनिटमध्ये आलो. आता तो लिफ्टच्या मेंटेनन्समध्ये आहे, पॅरामॅटात. पगार कमी, पण संध्याकाळी घरी असतो. हे सगळं गोड झालं असंही नाही. भांडण विकोपाला गेलं की तो म्हणतो, "तूच म्हणालीस सोड." आणि मी म्हणते, "हो, म्हणाले. नसते म्हणाले तर?" त्या वाक्याच्या पुढे कुणालाच जायचं नसतं. शीणही पूर्ण गेला नाही. तो संधिवातासारखा आहे, ऑगस्टातला वारा सुटला की जुन्या जागी दुखतो.

पण त्या वर्षीचं मला आठवतं ते भांडण नाही. समीर कायमचा परत आल्यावरचे दिवस आठवतात. इरा त्याच्याशी फार शहाण्यासारखी वागायची. माझ्याशी वागायची तशी नाही. माझ्या अंगावर ती लोळायची, ओरडायची, मला ढकलायची. त्याने ताट वाढलं की "थँक यू, बाबा." रिमोट हवा असला की "मे आय प्लीज?" त्याने केस विंचरले तर दुखत असतानाही ती डोळे गच्च मिटून सोसायची. घरी आलेल्या पाहुण्याशी असंच वागायचं हे मीच तिला शिकवलं होतं. कंगवा खाली ठेवताना समीरचा चेहरा मला दिसायचा.

असे किती दिवस गेले कोण जाणे. डिसेंबरातली एक सकाळ, उकाडा, मी कामावर निघायच्या घाईत. स्विमिंगला जायचं म्हणून समीर तिची वेणी घालत होता आणि रबर बँडमध्ये केस अडकले. आतून एकदम किंकाळी आली.

"आऊ! यू आर डुइंग इट राँग! गो अवे! आय डोन्ट लाइक यू, बाबा! गो अवे!"

धाडकन दार आपटलं. मी धावत पॅसेजमध्ये आले. समीर बंद दाराबाहेर उभा होता, हातात कंगवा, कंगव्यात तिचे चार केस. मला वाटलं आता याला सावरायला हवं. मी काही बोलणार तोच त्याने ओठांवर बोट ठेवलं. आतून इरा पुन्हा ओरडली, यावेळी मराठीत, "जा तू!"

समीरने माझ्याकडे बघितलं. त्याचे डोळे भरून आले होते आणि तो हसत होता.

"ऐकलंस?" तो कुजबुजला. "मला जा म्हणाली."

आणि तो तिथेच दाराला पाठ लावून, पाय पसरून फरशीवर बसला.